काठावर आमिष लावून बसायचे असेल तर स्पिनिंग रीलची जुळणी कशी बदलावी

आपली जोडणी आपण अशी सांगितली आहे: 10 ते 30 ग्रॅम वजनाच्या ल्यूरसाठी (कृत्रिम आमिषासाठी) बनवलेला सात फुटी रॉड, 3000 आकाराचे स्पिनिंग रील आणि त्यावर बारीक ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन. आता काठावर बसून तळाशी आमिष ठेवायचे आहे. पहिल्या दोन दिवसांत तीनदा ओढ येऊनही मासा गळाला लागला नाही, आणि चौथ्या वेळी तर रॉड स्टँडसकट घसरत पाण्याच्या कडेपर्यंत गेला. म्हणून मोठे नवीन रील घ्यावे का, असे आपण विचारता. माझे मत असे की रील आहे तेच राहू द्यावे. बदलायला हवे ते त्याचे काम.

ल्यूर टाकताना रॉड सतत हातात असतो, आणि मासा तोंड लावतो त्या क्षणी आपले मनगट त्याला थोडी सैल देते किंवा गळ रुतवते. रॉड स्टँडवर टेकवला की हा हात नाहीसा होतो आणि लाइन केव्हा सोडायची व केव्हा धरायची हे रीलवर येऊन पडते. ल्यूरसाठी घट्ट केलेला ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रील लाइन सोडेल हे ठरवणारा ब्रेक, लाइन सोडत नाही, त्यामुळे सावध माशाला तोंडाशी अडथळा जाणवून तो आमिष टाकून देतो आणि धीट मासा रॉडच ओढून नेतो. आपल्या चारही प्रसंगांचे मूळ मला इथेच दिसते. काही वर्षांपूर्वी माझाही एक रॉड असाच गेला. आदल्या दिवशीचा घट्ट ड्रॅग तसाच ठेवून मी दहा पावलांवर दुसऱ्या रॉडची गाठ बांधत बसलो होतो. खट्ट असा आवाज आला आणि मान वळवेपर्यंत रॉडची मूठ पाण्यात शिरताना दिसली. तोंडात गळ आणि मागे अख्खा रॉड घेऊन गेलेला तो मासा मला अजून आठवतो, आणि तेव्हापासून रॉड टेकवण्याआधी ड्रॅगला हात लावल्याशिवाय मी पाऊल मागे घेत नाही.

ड्रॅगचे दोन ताण ठरवून घ्यावेत, एक झुंजीचा आणि एक वाट पाहण्याचा. झुंजीचा ताण लाइनच्या तुटण्याच्या वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका असावा, म्हणजे 6 किलोच्या लाइनसाठी दीड ते दोन किलो. तो बोटांच्या अंदाजाने लावू नये. लाइन रॉडच्या सर्व रिंगांतून ओवून तिचे टोक ताणकाट्याला (वजन दाखवणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याला) बांधावे, रॉड झुंजीत असतो तसा उंच धरावा आणि कोणाला तरी काटा सावकाश ओढायला सांगावे. रॉड वाकला की रिंगांवरचे घर्षण वाढते आणि त्यामुळे स्पूलवरून (लाइन गुंडाळलेल्या रिळावरून) थेट ओढताना लागते त्यापेक्षा जास्त ओढ लागते. हा फरक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. मग ड्रॅगचा नॉब, म्हणजे ताण कमी-जास्त करायची घुंडी, सैल करत जावे, काटा दोन-अडीचशे ग्रॅम दाखवत असताना स्पूल फिरू लागेल तिथे थांबावे, आणि या दोन जागांमध्ये नॉबची किती वळणे झाली ते मोजून ठेवावे. नॉबवर नेलपॉलिशचा एक ठिपका दिला की अंधारातही टॉर्चच्या उजेडात ती जागा चटकन सापडते. वाहत्या पाण्यात किंवा जोराच्या वाऱ्यात लाइन आपोआप सुटू लागली, तर तेवढ्यापुरता ताण किंचित वाढवावा.

ओढ आली की रॉड उचलावा, मोकळ्या हाताचा तळवा स्पूलच्या कडेला हलकेच लावून लाइन थोपवावी, त्याच हाताने नॉब मोजलेली वळणे आवळावा आणि मगच हँडल फिरवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्पूल घसरत असताना हँडल फिरवत राहिले तर लाइन आत येत नाही, नुसती पिळली जाते, 5.2:1 गिअरच्या रीलवर हँडलच्या एका फेरीला लाइनला पाच पीळ बसतात. असे अर्धा मिनिट केले तरी पुढच्या फेकीला स्पूलवरून गुंतवळा उठतो आणि दोष मात्र लाइनला दिला जातो.

काही जण बेल आर्म (लाइन स्पूलवर गुंडाळणारी तारेची कमान) उघडा ठेवून, रीलच्या पुढे मुठीवर रबरबँड चढवून त्याखाली लाइनचा छोटा फास अडकवतात. मासा ओढतो तेव्हा फास निसटतो आणि लाइन मोकळी धावते. शांत, बिनवाऱ्याच्या पाण्यात ही युक्ती उत्तम चालते. मात्र वाऱ्यात स्पूलवरची वेटोळी सुटून हँडलभोवती गुंततात, आणि अगदी मोकळ्या लाइनवर मासा आमिष खोल गिळतो, म्हणून मी ती क्वचितच वापरतो. अँटी-रिव्हर्स, म्हणजे हँडल उलटे फिरण्यापासून अडवणारी कळ, काढून हँडल उलटे फिरू देण्याचा सल्लाही मिळेल, पण तो मी देणार नाही, कारण जोराच्या धावेत हँडल बोटांवर आदळते, आणि बऱ्याच नव्या रीलवर ते बटण आता नसतेच. पुढे कधी नवीन रील घ्यायचे ठरलेच, तर बेटरनर पद्धतीचे 4000 किंवा 5000 आकाराचे घ्यावे. त्यात वाट पाहण्याचा ताण वेगळा लावता येतो, आणि हँडल थोडे फिरवताच झुंजीचा ड्रॅग आपोआप लागू होतो.

लाइनबद्दल मात्र बदल सुचवतो. ब्रेडेड लाइन ताणली जात नाही, ती पाण्यावर तरंगते आणि काठाच्या दगडांवर घासली की धागे उसवून तुटते. तळाच्या मासेमारीला या तिन्ही गोष्टी अडचणीच्या आहेत. 0.28 ते 0.30 मिमी जाडीची नायलॉनची मोनो (एकाच सलग तंतूची) लाइन इथे जास्त उपयोगी पडते, कारण ती झटका पचवते आणि घासणे बऱ्यापैकी सहन करते. स्पूलवर किती मावेल याचा हिशेब सोपा आहे: लांबी जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. स्पूलवर 0.25 मिमीची 200 मीटर असे छापले असेल, तर 0.30 मिमीची सुमारे 139 मीटर मावेल, आणि काठावरच्या मासेमारीला ती सहसा पुरते. लाइन स्पूलच्या कडेपासून दीड ते दोन मिमी खाली राहील इतकीच भरावी. त्याहून कमी भरली तर फेक आखूड होते. शिवाय झुंजीत स्पूल रिकामा होत जातो तसा त्याचा व्यास घटतो आणि त्याच ड्रॅगवर ओढ वाढत जाते. व्यास निम्मा झाला तर ओढ दुप्पट होते. म्हणून लांब धाव घेणाऱ्या माशासमोर ड्रॅग थोडा सैल करायचा असतो, आवळायचा नसतो. ब्रेडेड लाइन काढायचीच नसेल, तर तिच्या टोकाला सहा ते आठ मीटर मोनो डबल युनी गाठीने जोडावी आणि प्रत्येक गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी.

आपल्या रॉडवर लिहिलेल्या 30 ग्रॅममध्ये शिसे आणि आमिष दोन्ही धरावेत. 20 ग्रॅमचे शिसे आणि आठ-दहा ग्रॅमचे आमिष म्हणजे मर्यादा गाठलीच. त्यामुळे ल्यूरसारखी मनगटाची झटक्याची फेक सोडून, टोकापासून हातभर लाइन लोंबती ठेवून, सावकाश पण एकाच लयीत फेकावे. आमिषही गळावर टिकते. फेकल्यावर बेल आर्म हँडल फिरवून बंद न करता हाताने बंद करावा आणि लाइन एकदा हलकेच ताणून घ्यावी, म्हणजे स्पूलवर सैल फास राहत नाही.

शिशाची मांडणी सरकती हवी: भोकाचे शिसे, त्याखाली गाठ वाचवणारा मणी, मग स्विव्हल (लाइनला पीळ बसू न देणारी फिरती कडी) आणि गळ बांधलेला 30 ते 40 सेंटिमीटरचा लाइनचा तुकडा. मासा ओढतो तेव्हा लाइन शिशातून सरकते आणि त्याला वजन जाणवत नाही. सैल ड्रॅगचा फायदा मिळतो तो या मांडणीमुळेच, घट्ट बांधलेल्या शिशावर तो अर्धा वाया जातो. गळ शक्यतो सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) घ्यावा आणि आमिष लावताना त्याचे टोक उघडे ठेवावे. या गळावर झटका देऊ नये. ड्रॅग आवळून लाइन संथपणे ताणली की तो बहुतेक वेळा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, त्यामुळे सोडून द्यायचा मासाही धडधाकट परत जातो. गळ घशात गेलाच, तर तो उपसून काढण्यापेक्षा लाइन तोंडाजवळ कापावी.

स्टँडबद्दल एवढेच, की साचलेल्या पाण्यात रॉड खाली आणि लाइनच्या दिशेने ठेवावा, म्हणजे रिंगांवर कोन कमी पडून लाइन अलगद सुटते; वाहत्या पाण्यात टोक उंच ठेवावे, म्हणजे प्रवाहात कमी लाइन बुडते. रील वाळूवर टेकवू नये. घरी परतल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी स्पूल सलग फिरण्याऐवजी अडखळत सुटतो. अर्थात पुढच्या खेपेला पाण्याशी बसण्याआधी ते दोन्ही ताण ताणकाट्यावर पुन्हा मोजून घ्यावे लागतील.