शेजाऱ्यांचा कुत्रा चावला. भरपाई मिळेल का?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या गावी शेजाऱ्यांनी मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याने आईच्या पोटरीचा लचका तोडला. काय करावे?

उत्तर : लस सुरू केली नसेल, तर बाकी सारे बाजूला ठेवून आजच दवाखाना गाठा. निष्काळजी मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र भरपाईसाठी दिवाणी दावा लावावा लागतो. त्यासाठी पोलिसांतील तक्रारीची प्रत, औषधांच्या पावत्या, बुडालेल्या मजुरीचा हिशेब आणि रक्ताळलेल्या लुगड्यासह जखमेचे फोटो जपून ठेवा. खर्चाला घाबरून गप्प बसू नका : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बेळगावच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करा.