इंडियाना जोन्सचा पाचवा भाग आधीच्या चार भागांच्या तोडीचा आहे का? आधीचे न बघता चालेल का?

तोडीचा? छे! आणि हे जरा तावातावानेच लिहितोय, कारण याच विषयावर आमच्या भाऊजींशी माझं 2023 पासून वाजलेलं आहे.

'डायल ऑफ डेस्टिनी', म्हणजे हा पाचवा भाग, आम्ही थेटरात शेजारीशेजारी बसून बघितला. सुरुवातीलाच 1944 सालची ट्रेनमधली हाणामारी, आणि इंडियाना झालेल्या, ऐंशीला टेकलेल्या हॅरिसन फोर्डला कॉम्प्युटरने तरुण केलेलं. भाऊजींनी कोपराने ढोसलं, "बघ, याला म्हणतात टेक्नॉलॉजी!" म्हटलं, चेहरा चाळिशीचा आहे हो, पण तोंड उघडलं की आवाज आजोबांचा येतो. झालं. इंटरव्हलला पॉपकॉर्न आले ते एकट्या भाऊजींपुरते.

त्यांचं म्हणणं, जुने भाग लहानपणी बघितले म्हणून गोड लागतात. काहीतरीच. 1981 च्या पहिल्या भागातला ट्रकचा पाठलाग आज लावून बघा. ट्रकखालून फरफटत जाणारा माणूस खरा आहे, टेरी लेनर्ड नावाचा स्टंटमन. दुसऱ्या भागातला, 'टेम्पल ऑफ डूम'मधला झुलता पूल श्रीलंकेत खरोखर बांधला आणि खरोखर तोडला. एकदा तुटला की संपलं, रिटेक कुठला? (आपल्या सरकारला पटकथा खटकली म्हणून ते श्रीलंकेत गेले. माकडाच्या मेंदूची ती मेजवानी बघता सरकारचं काही चुकलं नाही. अमरीश पुरी मात्र सगळ्यांना पुरून उरतात.) आणि तिसऱ्या भागात शॉन कॉनरी फोर्डपेक्षा जेमतेम 12 वर्षांनी मोठा, तरी पडद्यावर त्याचा बापच वाटतो. तिथे कुठे कॉम्प्युटर लागला?

चौथ्यात इंडियाना फ्रिजमध्ये बसून अणुस्फोटातून वाचतो. त्यावर काय बोलणार! पाचवा त्यापेक्षा बरा.

तसं 'टेम्पल'मधली खाणीतल्या गाड्यांची शर्यत बरीचशी छोट्या मॉडेलांवर घेतलेली आहे, हे भाऊजी दर वेळी काढतात. काढू देत. मॉडेलसुद्धा रुळावरून खरंच धावतं. आणि हो, पाचव्यातही संगीत जॉन विल्यम्सचंच आहे, त्यासाठी तिकिटाचे पैसे गेले असं म्हणणार नाही. आधीचे चारही भाग करणारा स्पिलबर्ग मात्र इथे दिग्दर्शक नाही आणि ते जाणवतं.

आधीचे न बघता कथा कळेल. पण पहिला आणि तिसरा बघाच, आणि घरात कॉम्प्युटरचं कौतुक सांगणारं कोणी असेल तर त्याला समोर बसवून ट्रकचा सीन लावा. आमच्या भाऊजींना नेमका तेव्हाच फोन येतो आणि ते गॅलरीत जातात.