यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला की नंतर तसलेच का येत राहतात?

सर्च आणि होम फीड (ॲप उघडल्यावर आपोआप दिसणारी व्हिडिओंची यादी) हे दोन वेगळे प्रकार आहेत, लोक सरसकट 'अल्गोरिदम' म्हणून मोकळे होतात. सर्चमध्ये तुम्ही टाइप केलेले शब्द टायटल, डिस्क्रिप्शन आणि व्हिडिओतल्या मजकुराशी किती जुळतात ते बघतात. होमवर मात्र तुम्ही काहीच विचारलेलं नसतं, तिथे तुमची वॉच हिस्टरी चालते, शिवाय तुमच्यासारखंच बघणाऱ्यांनी पुढे काय बघितलं तेही धरतात, म्हणून एकदा मिसळीची रेसिपी बघितली की आठवडाभर नुसती तर्रीच दिसत राहते. आधी क्लिकला फार भाव होता, २०१२ पासून किती वेळ बघितलं याला वजन आलं (थंबनेल भडक ते भडकच राहिले म्हणा).

वैताग आला असेल तर तीन टिंबांवर जाऊन 'डोन्ट रेकमेंड चॅनल' करा, नाहीतर हिस्टरीतून तो व्हिडिओच उडवा, नुसतं 'नॉट इंटरेस्टेड' फार पुरत नाही. पोरं तुमच्याच फोनवर कार्टून बघत असतील तर त्यांना इन्कॉग्निटो (बघितलेलं हिस्टरीत न धरणारा मोड) लावून द्या. हिस्टरी साफ करून बंदच ठेवलीत तर २०२३ पासून होम जवळपास रिकामंच दिसतं, मला तर ते जास्त आवडतं.