कपाटात कुलूपबंद वही

देवगड तालुक्यातील एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलीला ‘नीट’च्या दोन प्रयत्नांत पुरेसे गुण मिळाले नाहीत. आत्याच्या कर्करोगावरील औषधे लागू पडेनाशी झाल्यापासून ती पेशीतून औषध बाहेर फेकणाऱ्या प्रथिनाविषयी वाचते आणि टिपणे काढते. तिसऱ्या प्रयत्नात लक्ष विचलित होऊ नये म्हणून वडिलांनी ती वही कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.

सप्रेम नमस्कार.

मुलीच्या गुणांपेक्षा मला त्या कुलपाची अधिक काळजी वाटते. आंब्याच्या उत्पन्नातून आपण दोन वर्षे क्लासची फी भरलीत, त्यामागची माया मला कळते. परंतु आत्याचे दुखणे जवळून पाहिलेली मुलगी ज्या वहीत उत्तर शोधत होती, ती काढून घेणे ही शिस्त नव्हे, तो तिच्यावर अन्याय आहे. तिची इच्छा नसताना तिसरा प्रयत्न लादू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘कर्करोगावर काही करायचे तर डॉक्टरच व्हावे लागते’ हा आपला समज चुकीचा आहे. तिच्या वहीतले औषध बाहेर फेकणारे प्रथिन, म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन, १९७६ साली टोरोंटोमध्ये रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना कोल्चिसिन या पेशींचे विभाजन रोखणाऱ्या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत सापडले, आणि ते दोघेही रुग्ण तपासणारे डॉक्टर नव्हते, तर संशोधक होते. हे प्रथिन पेशीपटलात राहून एटीपी या पेशीतील इंधनाच्या ऊर्जेवर डॉक्सोरुबिसिनसारखी कर्करोगावरील अनेक औषधे बाहेर लोटते. ‘मग हा पंप बंद का करत नाहीत?’ असे ती जेवतानाही विचारते, अशी आपली तक्रार आहे. पण याच प्रश्नावर संशोधकांनी अनेक वर्षे घालवली आहेत. आतडी, मूत्रपिंड आणि मेंदूतील रक्तवाहिन्या येथे हेच प्रथिन विषारी द्रव्यांपासून आपले रक्षण करते, त्यामुळे ते सरसकट रोखले की निरोगी अवयवांनाही इजा पोहोचू शकते. याच कुळातील ‘टॅप’ हे प्रथिन विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे पेशीत योग्य जागी पोहोचवते आणि त्यामुळे टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, संसर्ग ओळखता येतो. काही कर्करोगपेशी ‘टॅप’ कमी करून प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटतात.

रत्नागिरीत बी.एस्सी. करून पुढे एम.एस्सी.साठीची ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यावी, किंवा अटी पाहून ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेश चाचणी द्यावी. कर्करोगावर संशोधन करणारे टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक खारघरला, म्हणजे आपल्या कोकणाच्याच वेशीवर आहे. पीएच.डी.पर्यंतची वाट लांब आहे आणि स्थिर पगार उशिरा मिळतो, हे तिला आधीच सांगावे.

वही आजच तिच्या हाती द्यावी. पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. तिचे प्रश्न मला तिच्याच शब्दांत वाचायचे आहेत.