पुस्तक काढून घ्यायच्या आधी तुम्ही वाचा

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत 64 टक्के, सीईटी तोंडावर आणि हा रात्री जागून स्टीव्ह मार्टिन या अमेरिकन कॉमेडियनचं आत्मचरित्र वाचतो, वर म्हणतो मला स्टँडअप करायचंय, त्यानेपण कॉलेज सोडलेलं. मार्कांचं नंतर बघू. मला टोचलं ते मधलंच एक वाक्य, गणपतीत घरभर पाहुणे असताना तुम्ही त्याला हॉलमध्ये उभं केलंत, म्हणालात हसव आता सगळ्यांना, आणि तो रडवेला होऊन आत निघून गेला. "समज यावी म्हणून" केलं असं लिहिलंय तुम्ही. स्पष्ट सांगते, हा चारचौघात केलेला अपमान होता आणि 17 वर्षांचं पोरगं असलं काही विसरत नाही.

ज्या पुस्तकावर तुमचा राग आहे, बॉर्न स्टँडिंग अप (2007), त्यात बापलेकाचं दुखणं फार आतून आलंय. मार्टिनच्या वडिलांना स्वतःला नट व्हायचं होतं, झाले रिअल इस्टेटवाले. मुलगा सॅटर्डे नाइट लाइव्ह या टीव्हीवरच्या कॉमेडी शोमध्ये झळकला तर वडिलांनी आपल्या धंद्यातल्या लोकांच्या न्यूजलेटरमध्ये त्याच्याविरुद्ध लिहिलं. मुलाचा द जर्क हा सिनेमा बघून झाल्यावर मित्रांनी विचारलं तर म्हणाले, तो काही चार्ली चॅप्लिन नाही. आणि अगदी शेवटी, आजारपणात, मुलाला म्हणाले की मला जे जे करायचं होतं ते तू केलंस. मधली कित्येक वर्षं गेली ती गेलीच. तुम्हीपण पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय, कॉलेजात एकांकिका करायचो म्हणून. हे त्याला कधी सांगितलंय का?

आता मुलाचा गैरसमज, हा भाग त्यालाच वाचायला द्या. बाळा, कॉलेज सोडलं म्हणून मार्टिन कॉमेडियन झाला असं नाहीये. 10 वर्षांचा असताना तो डिस्नेलँडमध्ये गाईडबुकं विकायचा, मग तिथल्याच जादूच्या दुकानात काम, मग नॉट्स बेरी फार्म या दुसऱ्या पार्कच्या छोट्या थिएटरात दिवसाला कित्येक शो. कॉलेजात फिलॉसॉफी घेतली, लॉजिक शिकला, आणि पंचलाइनच दिली नाही तर लोक कुठे हसतील हा विचार तिथल्याच वाचनातून डोक्यात आला. पुढे यूसीएलए हे विद्यापीठ अर्धवट राहिलं तेव्हाच्या सुमारास टीव्हीवर लेखक म्हणून पगार सुरू झालेला, 1969 मध्ये त्या लेखकांच्या टीमला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. स्वतःच हिशोब दिलाय त्याने, 18 वर्षांच्या स्टँडअपमधली 10 नुसती शिकण्यात गेली. तुझ्याकडे आत्ता किती मिनिटांचं मटेरियल लिहून तयार आहे? आणि पुरुषोत्तम करंडक, ती एकांकिकांची स्पर्धा, कॉलेजच्या पोरांसाठी असतो, कॉलेजच सोडलंस तर तो स्टेजपण गेला.

रस्ते माहितीतलेच. बारावी नीट दे, सीईटी दे, नाहीतर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, तिथे नाटक शिकवतात, किंवा मास मीडियाची डिग्री. दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाला, ग्रॅज्युएशन लागतंच.

आणि दादा, तुम्ही त्याचं काउन्सेलिंग करा म्हणताय, करीन, पण त्याला आणायच्या आधी एकदा तुम्ही एकटे या. त्याआधी घरात फक्त दोघं असताना त्या गणपतीच्या दिवसाबद्दल माफी मागा, आणि मग त्याला म्हणा, लिहिलेलं काय असेल ते दाखव. हसू आलं नाही तर खोटं हसू नका, कुठलं कळलं नाही तेवढं विचारा.