आवडता गोल्फ कोर्स ठरवण्याआधी टी नीट निवडा

गोल्फच्या जाणकारांना आवडता कोर्स, म्हणजे मैदान, विचारलात, तर बरेच जण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचं नाव घेतील. त्याची सात ग्रीन (होलाभोवतीची आखूड गवताची जागा) प्रत्येकी दोन होलांसाठी सामायिक आहेत, जमीन टणक आहे. तिथं चेंडू उंच उडवण्यापेक्षा घरंगळत नेणारा जिंकतो. कोलकात्याच्या १८२९ सालच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मात्र तळी आडवी येतात, तिथं चेंडू उचलावाच लागतो. बेळगावच्या नवख्यानं आधी पुणं गाठावं, जवळ पडतं.

कुठंही गेलात तरी मागच्या टीवरून खेळायची हौस नको; टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, ती जितकी मागं तितका कोर्स लांब. तुमच्या ५-आयर्नचा (मधल्या पल्ल्याचा क्लब, म्हणजे काठी) फटका किती यार्ड जातो ते बघा, त्याला ३६ नं गुणा. १४० यार्ड जात असेल तर सुमारे ५,०४० यार्डांचा कोर्स झेपतो. त्याहून लांब घेतलात की प्रत्येक होलला लांब पल्ल्याचा ‘वुड’ क्लब काढावा लागतो, आणि चांगला कोर्सही नकोसा होतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथली हवा विरळ, म्हणून गोव्यात उतरलात की तोच फटका थोडा आखूड पडतो. एक क्लब मोठा, म्हणजे जास्त लांब मारणारा, घ्या.

पावसाळ्यात ग्रीनवर चेंडूचा खड्डा पडतो. खड्डा बुजवायचा छोटा फोर्क कडेला तिरका खुपसून माती मधे ढकला, मग पटरनं (ग्रीनवर चेंडू ढकलायच्या क्लबनं) हलकं थोपटा. खालून उचकटू नका, मुळं तुटतात आणि तिथं टक्कल पडतं.