पाझर नंतर बघू, आधी सांडव्यातली पोती काढा

वाचक विचारतात

प्रश्न: नमस्कार दादा, आमचं साक्री तालुक्यात छोटं कृषी पर्यटन आहे. आबांनी वीसेक वर्षांपूर्वी आमच्याच रानातल्या नाल्यावर मातीचा बंधारा घातला, 6 मीटर उंच, 90 मीटर लांब, पाणी 2 एकरात पसरतं. पायडलच्या 4 बोटी आहेत, हिवाळ्यात भरीत पार्टीला बाहेरगावचे लोक येतात. पोळ्यापासून भिंतीच्या पायथ्याला ओल होती, आता बारीक धार लागलीय. गवंडी म्हणतो बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून टाकू. भिंतीवर बाभळी, कडुनिंब मोठे झालेत पण आबा हात लावू देत नाहीत. पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरावं म्हणून आम्ही सांडव्यात (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत) वाळूची पोती रचतो, मासे जाऊ नयेत म्हणून जाळीपण लावलीय. खाली अर्ध्या किलोमीटरवर 9 घरांची वस्ती आहे. याची सरकारी तपासणी होते का?
– एक वाचक, साक्री तालुका

उत्तर: भाऊ, तुम्ही घाबरलात पाझराला आणि मी घाबरलो पोत्यांना. ती जाता जाता सांगितलीत, पण आज संध्याकाळच्या आत काढा, जाळीसकट. मातीची भिंत थोडा पाझर वर्षानुवर्षं सहन करते, पण पाणी एकदा का माथ्यावरून सांडायला लागलं की मागच्या उतारावरची माती खरवडत जाते आणि काही तासांत भगदाड पडतं.

हिशोब करून बघा. समजा तुमच्या नाल्याला 40 हेक्टरचं पाणी येतं आणि परतीच्या पावसात तासाभरात 50 मिमी पडला. म्हणजे 2 कोटी लिटर. जमीन आधीच भिजलेली, त्यामुळे निम्मं तरी वाहून येणारच, म्हणजे सांडव्यातून सेकंदाला पावणेतीन हजार लिटर जायला पाहिजे. नाही गेलं तर 2 एकरात तेवढ्याच पाण्याने पातळी सव्वा मीटर चढते! सांडव्याच्या तळापासून माथ्यापर्यंत जी उंची मोकळी ठेवलेली असते ती याच दिवसासाठी, आणि पोत्यांचे दोन-तीन थर तीच खातात. वर जाळीत पालापाचोळा, घाणेरीच्या फांद्या, पार्टीच्या पत्रावळ्या अडकल्या की झालं बुच. मासे गेले तर गेले हो, खाली कोणीतरी तळून खाईल.

आता पाझर. गिलावा अजिबात नको. बाहेरून तोंड बंद केलं की पाणी थांबत नाही, भिंतीच्या पोटात दाब वाढतो आणि ते दुसरीकडून वाट काढतं, बहुतेक वेळा तिथे आपलं लक्षही नसतं. धार काचेच्या बाटलीत धरा, रात्रभर ठेवा. सकाळी तळाला गाळ बसला तर पाणी आतून माती घेऊन निघालंय, म्हणजे भिंतीत बीळ तयार होतंय. पाणी स्वच्छ असेल तर 10 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजून वहीत लिहा, शेजारी तळ्याची पातळीही लिहा (काठीला रंगाच्या खुणा केल्या तरी चालतं). पातळी तीच आणि बादली लवकर भरायला लागली तर ते वाईट लक्षण. जिथून पाणी येतं तिथे आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड असा थर द्या, म्हणजे पाणी निघतं पण माती अडकते.

धार गढूळ झाली तर मात्र मला पत्र लिहित बसू नका. वस्तीवर माणूस पाठवा, रात्र असली तरी लोकांना उठवून उंचावर न्या, तहसील कार्यालयाला आणि 112 ला फोन करा, मग धरणाकडे बघा. एरवी पाणी उतरवायचं असेल तर दिवसाला फूटभर, त्याहून जास्त नाही, कारण पातळी झपकन खाली गेली की आतला ओला उतार घसरतो.

झाडांच्या बाबतीत आबांची माया कळते, लावलेलं झाड तोडवत नाही. पण मूळ भिंतीत शिरतं, नंतर झाड वाळलं की मूळ कुजतं आणि त्याची पोकळ नळी उरते. नुसतं वरून कापलं तरी तेच होणार. लहान रोपटी आत्ताच मुळासकट उपटून खड्डा ओल्या मातीने धुमसून भरा. मोठ्यांना आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, पाणी तळाला गेल्यावर, इंजिनिअर समोर उभा करूनच हात लावा. तेव्हाच काळ्या मातीला पडलेल्या भेगा पण दाखवून घ्या, उन्हाळ्यात त्या किती खोल जातात ते तुम्हाला काय सांगायचं.

तपासणीचं म्हणाल तर धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये आला, पण तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही ठराविक धरणांना लागू. तुमचं 6 मीटर. त्या कायद्याखाली कोणी बघायला येणार नाही, पण जबाबदारी तुमचीच. इंग्लंडमध्ये एका गिरणीवाल्याच्या तळ्याचं पाणी जुन्या बंद खाणींतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं, आणि 1868 मध्ये निकाल लागला की मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नसला तरी भरपाई त्यानेच द्यायची. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, आपल्याकडच्या कोर्टातही हे नाव निघतं. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या लघु सिंचनवाल्यांना लेखी अर्ज द्या, आणि त्याची वाट न बघता पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला, मातीकाम केलेला कोणी असेल तर फी देऊन बोलवा. आबा म्हणतील "काही व्हत नही रे भो", तरी बोलवा. भिंतीचा निकाल लागेपर्यंत बोटी काठावर.

प्रश्न: खेकड्यांमुळे धरण फुटतं का हो, की नुसता विनोद?
– एक वाचक, चोपडा

उत्तर: खेकडा, उंदीर, साळिंदर सगळे भिंतीत बिळं करतात हे खरंच आहे. पण कोकणातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं तेव्हा मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला, पण गावकरी गळतीच्या तक्रारी आधीपासूनच करत होते, मग बिचाऱ्या खेकड्यांवर किती ढकलायचं? बीळ दिसलं की तोंडाला दगड ठोकून मोकळे होऊ नका. शेवटापर्यंत उकरा, ओली चिकण माती थराथराने घालून धुमसा, आणि हे पाऊस लागायच्या आधी करा.